कंट्रोलरची स्किन, नॉबची टोपणं आणि स्वतःचं मॅपिंग: आठ महिने वापरल्यावर

गेली तीन वर्षं एकच डीजे कंट्रोलर (लॅपटॉपला जोडून गाणी मिक्स करायचं यंत्र) वापरतोय, दोन चॅनलचा, प्रत्येक डेकला (म्हणजे एकेक गाणं वाजवायच्या बाजूला) आठ पॅड, जॉग (हाताने फिरवायची चकती) छोटा, एकदम साधा. नवीन घ्यायचं मनात होतं पण मग म्हटलं आधी आहे तोच आपल्या हाताला बसेल असा करून बघू. तीन गोष्टी केल्या: वरून विनाइल स्किन लावली, नॉबची टोपणं बदलली आणि मिक्स्स नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये (नावात शेवटी तीन एक्स आहेत, फुकट आणि ओपन सोर्स) सगळं मॅपिंग, म्हणजे कोणत्या बटणाने काय होईल ते, नव्याने केलं. नव्याचे नऊ दिवस केव्हाच संपलेत, त्यामुळे आता काय टिकलं आणि काय काढून टाकलं ते नीट सांगता येईल.

आधी हे सगळं करावंसं का वाटलं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. अंधारात वाजवत होतो, दुसरं गाणं आत घेत होतो आणि पहिल्याचा बेस कमी करायला लो नॉब डावीकडे फिरवला, पण हातात आला होता त्याच्या बरोब्बर खालचा फिल्टर. फिल्टर डावीकडे गेला की वरच्या फ्रिक्वेन्सी कापल्या जातात, म्हणजे बेस जायच्या ऐवजी बेसच उरला आणि गाणं एकदम भिंतीपलीकडून आल्यासारखं दबलं. दोन सेकंदांत सावरलं, पण समोर नाचणाऱ्यांचे पाय थांबलेले दिसले आणि ते माझ्या डोक्यातून जाईना. हाय, मिड, लो, फिल्टर, चारही नॉब एका उभ्या रेषेत, एकाच उंचीचे, एकाच जाडीचे, सगळे काळे. बोटाला कळणार कसं कोणता कोणता ते?

स्किनपासून सुरू करतो कारण सगळ्यात आधी तीच घेतली, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात कमी उपयोग तिचाच झाला. माझ्या मॉडेलसाठी कापलेली मिळाली, मॅट फिनिश, गडद राखाडी. लावायची पद्धत सांगतो कारण घाई केली की वाटच लागते: सगळ्या वायरी काढायच्या, सगळ्या नॉब-फेडरचा (फेडर म्हणजे सरकवायची दांडी) फोटो काढून ठेवायचा, मग टोपणं सरळ वर ओढून काढायची (वाकडी ओढली तर खालचा दांडा हलतो, घट्ट असेल तर टोपणाखालून बुटाची नाडी घालून दोन्ही टोकं धरून वर ओढा, अलगद निघतं), पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापडावर घेऊन पुसायचा, थेट शिंपडायचं नाही. स्किन मधून कडेकडे दाबत जायची, बुडबुडा आला तर तेवढाच भाग उचलून परत. कडा बसत नसतील तर हेअर ड्रायरची हलकी ऊब पुरते.

दिसायला भारी दिसते, ओरखडे झाकले गेले, मॅट असल्याने वरचा लाइट डोळ्यात परावर्तित होत नाही हा फायदा मात्र खरा आहे. पण दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे पिच फेडरच्या (गाण्याचा वेग बदलणारा फेडर) खाचेपाशी कापणी साधारण मिलिमीटरभर सरकलेली होती, फेडर खालपर्यंत नेला की टोपण स्किनच्या काठाला घासायचं, शेवटी धारदार ब्लेडने तेवढा काठ काढावा लागला. आणि दुसरी, जी घेताना लक्षातच आली नाही: स्किनवर अक्षरंच नव्हती. मूळ पॅनेलवर शिफ्ट (बाकीच्या बटणांना दुसरं काम देणारं बटण) धरल्यावर काय होतं ते बारीक अक्षरात छापलेलं असतं, ते सगळं झाकलं गेलं. मला पाठ होतं म्हणून चाललं, पण मित्र वाजवायला बसला तेव्हा प्रत्येक बटणाला मला विचारत होता. स्किन घेणार असाल तर अक्षरं छापलेलीच घ्या. जॉगच्या वर चिकटवायची गोल स्किनही सोबत आली होती, ती मी लावली नाही, टच ओळखणारा जॉग आहे, त्याच्यावर उगाच थर कशाला.

टोपणांनी मात्र खरा फरक पडला. घेण्याआधी एक गोष्ट बघाच: खालचा दांडा कसा आहे. बऱ्याच कंट्रोलरमध्ये सहा मिलिमीटरचा डी-आकाराचा दांडा असतो, म्हणजे गोल पण एक बाजू सपाट. टोपण बसतं की नाही एवढंच बघून भागत नाही, ती सपाट बाजू कुठल्या दिशेला आहे तेही जुळायला लागतं. मी पहिल्यांदा मागवलेली टोपणं घट्ट बसली, एकदम मस्त, आणि मग बघतो तर नॉब बरोबर मध्यावर असताना पांढरी रेघ वर न दाखवता उजवीकडे! प्रत्येक नॉब पाव फेरी चुकलेला. परत पाठवून दुसऱ्या दिशेची मागवली. म्हणून जुनं टोपण काढा, नॉब मध्यावर ठेवा, सपाट बाजू कुठे आहे त्याचा फोटो काढा आणि तो फोटो समोर ठेवूनच ऑर्डर करा. आणि ज्या नॉबला सुरुवात-शेवट नसतो, नुसता गोल फिरत राहतो, त्याला रेघ नसलेलं टोपण घ्या, रेघेला तिथे काही अर्थ नाही.

आता रंग. मी सुरुवातीला पुस्तकी विचार केला, लो लाल, मिड पिवळा, हाय पांढरा, फिल्टर निळा. घरी टेबलावर फार सुंदर दिसलं. पहिल्यांदा बाहेर नेलं तेव्हा वरून लाल लाइट पडत होता, आणि लाल उजेडात लाल, पिवळा आणि पांढरा तिन्ही जवळजवळ सारखेच दिसतात, निळा तर काळाच होतो. म्हणजे जिथे गरज होती तिथेच रंग गायब. त्या रात्री मला कळलं की रंगावर विसंबून चालणार नाही, फरक बोटाला कळला पाहिजे. मग रंगाचा नाद सोडला आणि फिल्टरला जाड, बुटकं, खरखरीत टोपण लावलं आणि वरच्या तिघांना बारीक आणि उंच. आता न बघता हात खाली गेला की बोटांना जाड लागतं, म्हणजे हा फिल्टर, विषय संपला. आठ महिन्यांत ती चूक परत एकदाही झाली नाही. नॉब जवळजवळ असतील तर सगळीच जाड टोपणं घेऊ नका, शेजारच्याला बोट लागतं. आणि रबरी लेपवाली हाताला छान लागतात पण असा लेप वर्षांनी चिकट होऊ शकतो, त्यामुळे मी साध्या खरखरीत प्लास्टिकची घेतली.

आता मॅपिंग, ज्याच्यात सगळ्यात जास्त वेळ गेला आणि सगळ्यात जास्त समाधानही तिथेच मिळालं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कंट्रोलरची बटणं-नॉब आवाज पाठवत नाहीत, ती बहुधा फक्त मिडी संदेश पाठवतात, हे बटण दाबलं, हा नॉब एवढ्यावर आला, असे. मिडी हे १९८३ पासूनचं स्टँडर्ड आहे, सोळा चॅनल, साध्या नॉबचं मूल्य ० ते १२७. त्या संदेशाचा अर्थ काय लावायचा ते सॉफ्टवेअर ठरवतं, म्हणून तर पॅनेलवर काहीही छापलेलं असलं तरी बटणाचं काम आपण बदलू शकतो.

मिक्स्समध्ये सुरुवात सोपी आहे, प्रेफरन्समध्ये कंट्रोलर निवडा, लर्निंग विझार्ड उघडा, स्क्रीनवरच्या बटणावर क्लिक करा आणि मग कंट्रोलरचं बटण दाबा, झालं. उलटा फिरणारा नॉब असेल तर इन्व्हर्टची टिक. एवढ्यावर बरंच काम होतं. पण शिफ्टचे थर, जॉगने स्क्रॅच, एका बटणाला परिस्थितीनुसार वेगळं काम, यासाठी स्क्रिप्ट लिहावीच लागते. मॅपिंग एका एक्सएमएल फाइलमध्ये असतं आणि हुशारी जावास्क्रिप्टच्या फाइलमध्ये. मी काही प्रोग्रामर नाही, पण सॉफ्टवेअर कंट्रोलर डीबग चालू करून उघडलं की प्रत्येक बटण काय पाठवतंय ते दिसतं, हेक्समध्ये (सोळाच्या पटीतल्या आकडेपद्धतीत) ९० म्हणजे पहिल्या मिडी चॅनलवरचं नोट-ऑन (बटण दाबलं), बी० म्हणजे त्याच चॅनलवरचा कंट्रोल चेंज (नॉब हलला), दोन संध्याकाळी हे बघत बसलो आणि हळूहळू भीती गेली.

मला सगळ्यात जास्त कामाला आलेला बदल अगदी छोटा आहे. क्यू बटण (गाणं खूण केलेल्या जागी आणणारं) प्लेच्या वरच असतं, आणि वाजत असलेल्या डेकचं क्यू चुकून दाबलं की गाणं थांबून मागे जातं. माझी करंगळी लूप (गाण्याचा तोच तुकडा परत परत वाजवणं) धरताना तिथे टेकायची. म्हणून पाच-सहा ओळी लिहिल्या: डेक वाजत असेल आणि शिफ्ट दाबलेलं नसेल तर क्यूकडे लक्षच द्यायचं नाही. बस. डेक थांबलेला असताना क्यू नेहमीसारखंच चालतं. क्रॉसफेडरचंही (एका डेकच्या आवाजावरून दुसऱ्याच्या आवाजावर नेणारा आडवा फेडर) तसंच, मी तो वापरत नाही, पण कोपर लागून एकदा एक बाजू गप्प झाली होती, म्हणून दोन्ही डेकची क्रॉसफेडरची दिशा मधे ठेवली, आता तो कुठेही असला तरी फरक पडत नाही.

पॅडचं म्हणाल तर मी कधीच चारच्या वर हॉट क्यू (गाण्यातल्या खूण केलेल्या जागी थेट उडी मारणारी बटणं) वापरत नाही, मग खालची ओळ वाया का घालवायची? वर चार हॉट क्यू तसेच ठेवले आणि खाली चार बीटचा लूप, लूप अर्धा, सोळा बीट मागे, सोळा बीट पुढे. इथे एक अडचण आली ती सांगतो. नवीन मॅपिंग चालायला लागलं पण खालचे चारही पॅड अंधारात, दिवाच लागेना. मला वाटलं पॅड गेले. मग कळलं की बटणाचा संदेश आत येणं वेगळं आणि दिवा लावायचा संदेश बाहेर जाणं वेगळं, आउटपुट स्वतंत्र लिहावं लागतं. ते लिहिल्यावर लूप चालू असताना पॅड उजळायला लागला, आणि खरं सांगतो, तो दिवा पहिल्यांदा लागला तेव्हाचा आनंद स्किन लावल्यावर झाला नव्हता.

शिफ्ट धरून फिल्टरच्या नॉबवर इफेक्टचं प्रमाण ठेवलं तेव्हा दुसरी गोष्ट शिकलो. नॉब इफेक्टसाठी फिरवला, शिफ्ट सोडलं, आता नॉब प्रत्यक्षात आहे एका जागी आणि सॉफ्टवेअरमधला फिल्टर दुसऱ्याच जागी, हात लावला की आवाज टुणकन उडी मारतो. यावर उपाय सॉफ्ट टेकओव्हर, नॉब फिरवत सॉफ्टवेअरमधल्या मूल्यापर्यंत पोचेपर्यंत काहीच होत नाही आणि तिथून पुढे तो पकडतो. एका नॉबला दोन कामं देणार असाल तर हे चालू केल्याशिवाय लोकांसमोर जाऊ नका.

आणि पिच फेडर. १२८ पायऱ्या ऐकायला खूप वाटतात, पण रेंज अधिक-उणे ८ टक्के असेल तर एक पायरी साधारण ०.१२६ टक्के, म्हणजे १२८ बीपीएमच्या (मिनिटाला १२८ ठोके) गाण्यात ०.१६ बीपीएमची. हवा तो वेग दोन पायऱ्यांच्या मधे पडला तर मिनिटाभरात बीट चाळीसेक मिलिसेकंदांपर्यंत सरकू शकतो, कानाला दोन किक (ड्रमचे ठोके) वेगळ्या ऐकू यायला लागतात आणि आपण जॉग ढकलत बसतो. बरेच कंट्रोलर पिचसाठी दोन संदेश मिळून चौदा बिट पाठवतात, म्हणजे १६,३८४ पायऱ्या. तुमच्या मॅपिंगमध्ये दोन्ही भाग वाचले जातायत ना ते तपासा. माझ्यात आधी एकच भाग वाचला जात होता आणि मी इतके दिवस आपला कानच कच्चा आहे असं समजत होतो.

स्क्रीनच्या रूपाबद्दल थोडक्यात. मिक्स्समधली लेटनाइट नावाची स्किन (इथे विनाइल नाही, स्क्रीनचं रूप) वापरतो, सॅम्पलर (छोटे आवाज वाजवायचा भाग) आणि जास्तीचे डेक लपवले, वेव्हफॉर्म (आवाजाचे आलेख) मोठे केले. २०२१ मध्ये आलेल्या मिक्स्स २.३ पासून हॉट क्यूच्या रंगांचं पॅलेट आपलं आपण ठरवता येतं, मी फक्त तीनच रंग ठेवलेत: गाण्याची सुरुवात, ड्रॉप (जिथे बीट जोरात येतो ती जागा) आणि जिथून बाहेर पडायचं ती जागा. प्रत्येक गाण्याला तेच तीन. ज्यांच्या कंट्रोलरला आरजीबी (हवा तो रंग दाखवणारे) पॅड आहेत त्यांना मॅपिंग नीट असेल तर तेच रंग हाताखालीही दिसतात.

दुसरं सॉफ्टवेअर वापरत असाल तरी हात बांधलेले नाहीत. ट्रॅक्टर प्रोमध्ये कंट्रोलर मॅनेजर आहे, तिथले आठ मॉडिफायर वापरून स्क्रिप्ट न लिहिता थर करता येतात. व्हर्च्युअल डीजेची स्वतःची स्क्रिप्ट एकेका ओळीत लिहिता येते. रेकॉर्डबॉक्समध्ये मिडी लर्न आहे.

पण एका बाबतीत मी ठाम आहे: प्ले, क्यू, पिच आणि इक्यूच्या (हाय, मिड, लो नॉबच्या) जागा बदलू नका. उद्या दुसऱ्याच्या सेटवर उभं राहायला लागलं तर हाताला तीच सवय उपयोगी पडते. क्यूला लावलेलं ते कुलूप हीसुद्धा एक प्रकारची सवयच आहे, म्हणून आठवड्यातून एकदा मी मूळ मॅपिंगवर तासभर वाजवतो, करंगळी जागेवर राहते का बघायला.

पैसे कुठे घालायचे विचाराल तर टोपणांना पाचपैकी पाच, मिक्स्समधल्या मॅपिंगला साडेचार (अर्धा कमी कारण स्क्रिप्टची पहिली पायरी नवख्याला उंच वाटते), स्किनला अडीच. मॅपिंगच्या दोन्ही फाइल, एक्सएमएल आणि जावास्क्रिप्ट, नावात तारीख घालून पेन ड्राइव्हवर ठेवा, नुसती एक्सएमएल ठेवली तर बटणं अर्धीच चालतात. माझा आता हेडफोनचा नॉब तेवढा राहिलाय, तो पुढच्या कडेला आत दडलेला असतो आणि त्याला बसेल असं बुटकं टोपण अजून सापडलेलं नाही, कुणाला मिळालं असेल तर दांड्याच्या मापासकट सांगा.