टेनिसमध्ये मोठा कोण, सॅम्प्रस की अगासी?
आकडे सॅम्प्रसकडे: 14 ग्रँडस्लॅम (टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांची विजेतेपदं), त्यांत 7 विम्बल्डन, अगासीची 8. समोरासमोरही सॅम्प्रस 20-14 ने पुढे. पण फ्रेंच ओपनच्या लाल मातीत त्याची डाळ शिजलीच नाही, एकदाही फायनल नाही. अगासीने चारही स्पर्धा जिंकल्या, वर 1996 चं ऑलिंपिक सुवर्ण.

2001 ची यूएस ओपन क्वार्टरफायनल आठवा: चार सेट, चारही टायब्रेकरवर (6-6 बरोबरीनंतरच्या निर्णायक गेमवर) सुटले, एकदाही कुणाची सर्व्हिस तुटली नाही, म्हणजे सर्व्हिस करणाऱ्याने आपला गेम गमावला नाही. जिंकला सॅम्प्रसच. 2002 ला तिथेच अगासीला फायनलमध्ये हरवून तो थांबला, व्यावसायिक टूरवर पुन्हा खेळलाच नाही. निरोप असावा तर असा!

तरी माझं मत अगासीला. 1997 मध्ये 141 व्या क्रमांकावर घसरलेला गडी चॅलेंजर म्हणजे खालच्या स्तरावरच्या स्पर्धा खेळत 1999 ला पुन्हा नंबर वन झाला.