एकच आठवडा, एकच महोत्सव: संभाजीनगर, पुणे की गोवा?

दिवाळीचा फराळ संपत आला की भाच्याचा फोन येतो. तो लातूरला इंजिनीअरिंगला आहे आणि सिनेमाचं वेड त्याला माझ्याकडूनच लागलं. यंदा त्याने सरळ विचारलं, "मावशी, आठवडाभर सुट्टी आहे अन् पाच-सहा हजार जमलेत. एकाच फेस्टिवलला जाणं होईल. कुठं जाऊ सांग बरं?"

फोनवर सांगितलं ते अर्धवट राहिलं, म्हणून नीट लिहून काढते आहे. मराठवाड्यातून पहिल्यांदा महोत्सवाला निघणारा तो काही एकटा नाही.

मी परभणीची. तिन्ही ठिकाणी जाऊन आले आहे, म्हणून तिन्हींबद्दलच बोलते: संभाजीनगरचा अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव म्हणजे पिफ आणि गोव्यात भरणारा भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव म्हणजे इफ्फी. मुंबईचा मामी महोत्सव यात धरलेला नाही, कारण २०२५ साली तो झालाच नाही. डिसेंबरातला केरळचा महोत्सव प्रेक्षकांच्या प्रेमासाठी देशभर ओळखला जातो. रिक्षावाल्यांपासून प्राध्यापकांपर्यंत सगळे तिथे रांगेत उभे असतात म्हणे. पण तिरुवनंतपुरमला जाण्या-येण्यातच आपली निम्मी सुट्टी संपते. तो पुढच्या कधीतरीसाठी ठेवा.

आधी तारखा बघा

इफ्फी दरवर्षी २० ते २८ नोव्हेंबरला असतो. ही तारीख सहसा हलत नाही, त्यामुळे रजेचा अर्ज आणि गाडीचं आरक्षण दोन्ही आधीच करता येतं. अडचण आपल्याकडची आहे. नोव्हेंबरअखेर कापसाची वेचणी चालू असते, रब्बीचं पाणी द्यायचं असतं, कॉलेजात सेमिस्टरच्या परीक्षा डोक्यावर असतात. शेतकऱ्याच्या घरातल्या पोराने अशा वेळी नऊ दिवस गोव्याला जातो म्हणून सांगणं सोपं नसतं.

संभाजीनगर आणि पुण्याचे महोत्सव थंडीतले, पण त्यांच्या तारखा सरकतात. २०२४ साली संभाजीनगरचा ३ ते ७ जानेवारीला झाला आणि पिफ १८ ते २५ जानेवारीला. २०२५ साली संभाजीनगर संक्रांतीच्या दुसऱ्याच दिवशी, म्हणजे १५ ते १९ जानेवारीला होता आणि पिफ थेट १३ ते २० फेब्रुवारीला गेला. दोन्ही वर्षी ते एकमेकांवर आले नाहीत, हे आपल्या फायद्याचं. ज्याला आठवड्याऐवजी दहा-बारा दिवस तुकड्यातुकड्याने काढता येतात, त्याने दोन्ही करावेत. बारावीच्या मुलांना मात्र फेब्रुवारीतला पिफ विसरावा लागेल.

पोहोचणं आणि राहणं

"मराठवाड्यातून" हा शब्द इथे फसवतो. परभणी, नांदेड, हिंगोली, जालना ही सगळी गावं रेल्वेने संभाजीनगरला जोडलेली आहेत. परभणीहून तीन-साडेतीन तासांत गाडी पोहोचवते. जालन्याचा माणूस तर सकाळी घरून निघून, सिनेमे पाहून रात्री घरी झोपायला येऊ शकतो. लातूर-धाराशिवचं गणित वेगळं. लातूरहून अंबाजोगाई-केज-बीड करत संभाजीनगर गाठायला जेवढा वेळ लागतो, त्याहून फार जास्त पुण्याला लागत नाही. रात्रीच्या बसमध्ये बसलं की पहाटे पुणे. शिवाय लातूरच्या बहुतेक घरांतलं कुणी ना कुणी पुण्यात शिकायला किंवा नोकरीला असतंच, म्हणजे राहण्याचा प्रश्न मिटतो.

गोव्याला थेट जाण्याची सोय आपल्याकडून फारशी नाही. मी मनमाडला जाऊन तिथून गोवा एक्सप्रेस धरते. ती अहिल्यानगर, दौंड, पुणे, मिरज करत मडगावला नेते. पुण्यापर्यंत बसने जाऊन तिथून हीच गाडी धरली तरी चालतं. एक अख्खा दिवस जायला आणि एक यायला, हे धरूनच चालायचं. नोव्हेंबरअखेर गोव्यात पर्यटकांचा हंगाम सुरू झालेला असतो. पणजीत ऐनवेळी खोली शोधली तर पाच-सहा हजारांतले निम्मे राहण्यातच जातात. म्हापशाला किंवा मडगावला राहून कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसने रोज ये-जा करणारे बरेच असतात. मीही तसंच केलं. एकट्या बाईला सकाळी जाताना काहीच वाटत नाही, पण रात्रीचा शेवटचा शो सोडावा लागतो, आणि तो नेमका हवा असलेला निघतो.

नोंदणीचं शुल्क तिन्हीकडे खर्चातला सगळ्यात छोटा भाग आहे आणि ते दरवर्षी वेगळं ठरतं. विद्यार्थ्यांनी ओळखपत्र न विसरता न्यावं.

संभाजीनगरला बहुतेक खेळ प्रोझोन मॉलमधल्या मल्टिप्लेक्समध्ये होतात. जालन्याकडून येणाऱ्यांनी मध्यवर्ती बसस्थानकापर्यंत जाऊ नये, सिडकोला उतरावं. तिथून रिक्षाने जवळ पडतं.

पाहायला काय मिळतं

आकड्यांनी बघितलं तर निकाल लागलेलाच आहे. गोव्यात दीडशेहून जास्त चित्रपट असतात, पुण्यातही साधारण दीडशेच्या घरात आणि संभाजीनगरला साठ-पासष्ट. पण पहिल्यांदा जाणाऱ्याला दीडशे सिनेमांचा उपयोग नसतो. दिवसाला चार पाहिले तरी आठवड्यात अठ्ठावीसच होतात, आणि चौथ्याच्या वेळी डोळे मिटतात. प्रश्न निवडीचा आहे. गोव्याची पुस्तिका हातात घेतली की लिथुआनिया, इराण, ब्राझील, व्हिएतनाम, सगळे एकदम समोर येतात. यातलं कोणतं नाव आपल्या ओळखीचं? माझ्या पहिल्या वर्षी मी नावाच्या आकर्षकपणावरून सिनेमे निवडले आणि त्या वर्षीचे दोन फार चांगले चित्रपट बाजूच्याच पडद्यावर चुकवले. इफ्फीत रोजच्या जागा ॲपवरून आधीच राखून ठेवायच्या असतात. ज्याला आधीपासून माहिती असते तो दोन मिनिटांत बुकिंग उरकतो, बाकीचे विचार करत बसतात तोवर जागा संपतात. म्हणून कान, बर्लिन, व्हेनिसच्या महोत्सवांत त्या वर्षी काय गाजलं हे मे महिन्यापासून वाचत आलेल्या माणसाला गोवा भरभरून देतो. नुसत्या उत्सुकतेवर गेलेल्याला तो दमवतो.

एक गोष्ट मात्र गोव्याच्या बाजूने मनापासून सांगते. हा महोत्सव १९५२ साली मुंबईत सुरू झाला. तेव्हा इथल्या लोकांनी इटलीचा 'बायसिकल थीव्ज' पाहिला आणि पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांचा 'दो बिघा ज़मीन' आला. कर्जात अडकलेली दोन बिघे जमीन आणि ती वाचवायला शहरात रिक्षा ओढणारा शेतकरी आपल्याला कुणी समजावून सांगावा लागत नाही. एका महोत्सवाने आपल्या सिनेमाची नजर बदलली, ही साखळी मला कायम हलवून टाकते. २००४ पासून तो कायमचा गोव्यात आला. त्यातला इंडियन पॅनोरमा हा भारतीय सिनेमांचा विभाग कुणीही चुकवू नये. खासी, आसामी, कोंकणी, तुळू अशा भाषांमधले सिनेमे, तेही बनवणाऱ्यांच्या हजेरीत, एका जागी बघायला मिळणं अवघड आहे.

पिफ २००२ पासून भरतो. जब्बार पटेल त्याचे संचालक आहेत आणि राज्य शासनाचा त्याला आधार आहे. इथलं खरं सोनं मराठी स्पर्धा विभागात आहे. त्यातल्या पारितोषिकाला 'संत तुकाराम' नाव आहे. प्रभात फिल्म कंपनीचा त्याच नावाचा चित्रपट १९३६ चा. पुढच्या वर्षी त्याची व्हेनिसला दखल घेतली गेली. आज प्रभातच्या त्याच स्टुडिओच्या जागेत फिल्म इन्स्टिट्यूट आहे आणि जवळच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. पिफचे काही खेळ संग्रहालयाच्या प्रेक्षागृहात होतात. जुना सिनेमा तिथे बसून बघताना माणूस आपोआप गप्प होतो.

मराठी विभाग एवढा महत्त्वाचा का, हे दोन अलीकडच्या सिनेमांवरून सांगते. जयंत सोमलकर यांचा 'स्थळ' २०२३ साली टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला, तिथे त्याला आशियाई सिनेमासाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला. आपल्या चित्रपटगृहांत तो मार्च २०२५ मध्ये आला. विदर्भातल्या मुलीला दाखवण्याचे कार्यक्रम, तेच प्रश्न, तोच पाट, तेच पोहे. आमच्याकडच्या कुठल्याही घरातली गोष्ट. रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक विभागातलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं, आणि सप्टेंबरात तो प्रदर्शित झाला. वडिलांच्या मृत्यूनंतर दहा दिवस गावी राहिलेला आनंद आणि त्याचा बालमित्र. गावातल्या दोन पुरुषांच्या प्रेमाची इतकी हळुवार, इतकी न ओरडणारी गोष्ट मराठीत मी पाहिली नव्हती. हा सिनेमा घाई करत नाही. चौकट हलत नाही, माणसं बसून राहतात, सांत्वनाला येणारे तेच तेच विचारतात. मोबाइलवर पाहिला असता तर मी दहाव्या मिनिटाला चहा ठेवायला उठले असते. तो पाहायला मला संभाजीनगर गाठावं लागलं आणि त्याचं मला काहीच वाटलं नाही.

म्हणूनच "सगळं ओटीटीवर येतंय, जायचं कशाला?" हे म्हणणं मला पटत नाही. पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' मी घरी टीव्हीवर पाहिला. कानला ग्रां प्री, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचं पारितोषिक, मिळवलेला सिनेमा, आपल्या छाया कदम त्यात आहेत, परतीच्या वाटेवर रत्नागिरीचा समुद्र आहे. आवडला. पण मुंबईचा पाऊस आणि लोकलचा आवाज माझ्या हॉलमध्ये कुकरच्या शिट्टीत मिसळत होता. तो मोठ्या पडद्यावर राहून गेला, याची हुरहुर अजून आहे.

सिनेमा संपल्यावर

माझ्या मते निवड इथे ठरते, आणि इथेच मी संभाजीनगरच्या बाजूला झुकते.

गेल्या वर्षी, महोत्सव नसताना, साध्या शोला संभाजीनगरमध्ये नीरज घायवान यांचा 'होमबाउंड' पाहिला. पोलीस भरतीची तयारी करणारे दोन मित्र, एक दलित, एक मुसलमान, आणि पुढे टाळेबंदीतली घरची वाट. आमच्या परभणीत पहाटे पाचला स्टेडियमवर धावणारी पोरं मी रोज बघते. माझ्या मागच्या रांगेत अशीच चार-पाच पोरं बसली होती. भरतीच्या प्रसंगाला ती इतकी गप्प झाली की मला मागे वळून बघायचा धीर झाला नाही. परतीच्या गाडीत करमाड आलं. ८ मे २०२० च्या पहाटे इथेच रुळावर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले होते. जालन्याच्या कारखान्यात कामाला असलेली मध्य प्रदेशची माणसं, पायी घरी निघालेली. गाडी दोन मिनिटं थांबली. डब्यात कुणीच काही बोललं नाही, किंवा मला तसं वाटलं. हा सिनेमा मी दुसऱ्या गावात पाहिला असता तर तो एवढा माझा झाला नसता.

संभाजीनगरच्या महोत्सवात हेच होतं. पडदे थोडे, माणसं ओळखीची होतात. सकाळी हंगेरीचा सिनेमा ज्यांच्यासोबत पाहिला, तीच माणसं दुपारी चहाच्या रांगेत भेटतात. बीडचे शिक्षक, नांदेडच्या नाटकवाल्या मुली, विद्यापीठातली पोरं. कुणी म्हणतं, "मला शेवट कळला नाही बगा," आणि दुसरा समजावायला लागतो. गोव्यात असं बोलणं होत नाही असं नाही, पण प्रत्येकाला पुढचा पडदा गाठायचा असतो. पुण्यात चर्चा रंगतात, फक्त आधीपासून ओळखणाऱ्यांचे घोळके असतात. नव्या माणसाला त्यात शिरायला दोन-तीन दिवस लागतात.

इथला जीवनगौरव पुरस्कार पद्मपाणीच्या नावाने आहे, अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या त्या बोधिसत्त्वाच्या नावाने. २०२४ साली तो जावेद अख्तर यांना आणि २०२५ साली सई परांजपे यांना दिला गेला. अशी माणसं आपल्या गावात येऊन तासभर बोलतात आणि लातूरच्या पोराला प्रश्न विचारता येतो, ही गोष्ट साधी नाही.

तर मग

पहिल्यांदा जात असाल, विशेषतः एकटे, तर संभाजीनगर. पाच दिवसांत दहा-बारा सिनेमे निवांत पाहा, रिकाम्या सकाळी वेरूळला जाऊन या. लिहायचं, सिनेमा बनवायचं मनात असेल किंवा घर लातूर-धाराशिवकडे असेल, तर पुणे. मराठी विभागाचा प्रत्येक खेळ पाहा आणि नंतर दिग्दर्शकाला गाठून प्रश्न विचारा. गोवा तिसऱ्या-चौथ्या वर्षी. तोवर कोणत्या देशाचा कोणता दिग्दर्शक आपल्याला हाक मारतो, हे कळलेलं असतं, आणि बचतही थोडी झालेली असते.

भाच्याचं काय झालं? घर लातूरचं म्हणून माझ्या हिशेबाने तो पुण्याला जायला हवा होता, चुलतभावाची खोलीही तिथे आहे. पण मी त्याला संभाजीनगरला बोलावलं. पहिला सिनेमा आम्ही शेजारी बसून पाहणार आहोत. येताना जाड स्वेटर आण म्हणाले. जानेवारीत मल्टिप्लेक्सचा एसी बाहेरच्या थंडीपेक्षा जास्त बोचतो.