जुन्या कपड्यांचा गेम : नंदनवनच्या शिबिरातले पाच दिवस

मी नागपुरात नंदनवनला ब्लाउज आणि ड्रेस शिवते, बावीस वर्षं झाली. आठवड्याला चिंध्यांची एक मोठी पिशवी मशीनखालून निघते आणि ती कचरागाडीत टाकताना दर वेळी जीवावर येतं. म्हणून घराजवळच्या एका संगणक वर्गाने मे महिन्यात 'टाकून दिलेल्या कपड्याचं पुढे काय होतं ते गेम खेळून शिका' असं शिबिर ठेवलं, तेव्हा सातवीतल्या मुलीचं नाव मी त्याच दिवशी घातलं. फी ६०० रुपये, वेळ सकाळी आठ ते दहा. त्यानंतर मे महिन्यात नागपुरात पोरांना घराबाहेर काढवत नाही. पालकांना मागे बसू देत होते, मी पाचही दिवस बसले. काही तक्रारी लिहायच्या आहेत, म्हणून वर्गाचं आणि गेमचं नाव देत नाही.

गेम असा आहे. जुने कपडे निवडायच्या कारखान्यात तुम्ही कामाला आहात. पट्ट्यावरून एकेक कपडा सरकत येतो. समोर चार डबे : तसाच वापरण्यासारखा, दुरुस्तीचा, पिंजून धागा करायचा, आणि ज्याचं काहीच होऊ शकत नाही असा. कपड्यावर क्लिक केलं की आतलं लेबल मोठं होऊन दिसतं. चुकीच्या डब्यात टाकला की डबा लाल होतो.

पहिल्या दिवशी माझ्या मुलीच्या शेजारच्या पोराने एक निळा शर्ट सुती समजून धाग्याच्या डब्यात टाकला. डबा लाल. "काहून लाल झालं बापा? शर्ट तर साधाच हाय!" मी मागून त्याला लेबल बघायला सांगितलं : ६५ टक्के पॉलिएस्टर, ३५ टक्के कॉटन. म्हटलं, बेटा, हे टेरिकॉट आहे, तुझ्या शाळेचा शर्टही बहुतेक हाच असेल. दहाही पोरं वळून माझ्याकडे बघायला लागली. आपण रोज अंगात घालतो तो कपडा सुती नाही, अर्धाअधिक प्लास्टिकच्या जातीचा आहे, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. तेवढ्या एका लाल डब्यासाठी मी या गेमला मनापासून दाद देते.

तिसरी पातळी सगळ्यांत चांगली. तिथे आधी बटणं, हुक, चेन काढायची, मग कापड दातेरी रोलरमधून पिंजून निघतं. पडद्याच्या कोपऱ्यात तंतूची लांबी दाखवणारी एक पट्टी आहे, ती कापड पिंजताना सरसर लहान होत जाते. आखूड तंतूचा धागा कातताना तुटतो, म्हणून त्यात नवा कापूस मिसळावा लागतो. माझं माहेर हिंगणघाटकडचं, घरी कापूस पिकायचा. बाजारात व्यापारी चिमूटभर कापूस दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून हळूहळू ओढायचा, तंतू किती लांब निघतो ते डोळ्यांनी मोजायचा आणि त्यावर बाबांचा भाव ठरायचा. ती पट्टी बघताना मला त्या माणसाची बोटं दिसत होती. दुसऱ्या दिवशी मी घरून थोडी सरकी काढलेली रुई नेली आणि पोरांना तसं ओढायला लावलं. मग जुन्या सुती साडीच्या तुकड्यातला एक धागा उलगडून त्याचे तंतू ओढायला लावले. फरक हाताला कळला, आणि त्यानंतर ती पट्टी कोणी नुसती बघून सोडली नाही.

आता उणिवा. गेममधलं लेबल नेहमी स्वच्छ वाचता येतं. पोरांनी दुसऱ्या दिवशी युनिफॉर्म आणले तर निम्म्यांची लेबलं धुऊन पांढरी झालेली, दोघांची तर टोचतात म्हणून आयांनी कापूनच टाकलेली. खऱ्या कपड्यांचं असंच असतं. म्हणून चौथ्या दिवशी मी सरांची परवानगी घेऊन मागच्या अंगणात मेणबत्ती, चिमटा आणि पाण्याची थाळी मांडली. अस्तराचा सुती धागा जाळला : भुरकन पेटला, कागद जळल्यासारखा वास आला, राख बोटाने चुरली. पॉलिएस्टरचा धागा ज्योतीपासून मागे आकसला, वितळला आणि टोकाला काळा मणी झाला. टेरिकॉट पेटलंही आणि राखेत कडक खडाही राहिला. निळ्या शर्टाच्या त्याच पोराने मणी थंड झाल्यावर नखाने दाबून पाहिला. "तुटत नाही जी काकू." दोन तंतू एकदा एकत्र कातले की वेगळे करणं का अवघड, हे मग समजावून सांगावं लागलं नाही.

दुसरी उणीव भाषेची. सगळा मजकूर इंग्रजीत, आमची निम्मी पोरं मराठी शाळेतली. ती वाचायच्या ऐवजी पुढे-पुढे क्लिक करत होती. जगात कपड्यांसाठी लागणाऱ्या मालापैकी एक टक्क्याहून कमी माल पुन्हा नवा कपडा होऊन येतो, हे वाक्य पडद्यावर येऊन गेलं आणि कोणी थांबलं नाही. मी थांबवून मराठीत सांगितलं तेव्हा वर्ग एकदम शांत झाला.

एका सुती टी-शर्टला २७०० लिटर पाणी लागतं, हा आकडा गेम वारंवार दाखवतो. आकडा प्रसिद्ध आहे, पण तो जगाची सरासरी आहे आणि त्यात पावसाचं पाणीही धरलेलं आहे. विदर्भातला कापूस बहुतांश कोरडवाहू. पोरांना हे सांगायला हवं, नाहीतर गावाकडचे आजोबा पाणी उधळतात असं ती समजतील.

सगळ्यांत जास्त मला खटकलं ते हे की गेममध्ये आपण कुठेच नाही. रस्त्यावरच्या कपड्यांच्या पेट्या आहेत, लोकरीचे कोट आहेत, पण जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण नाही, गोधडी नाही, रफू करणारा नाही. पानिपत म्हटलं की आपल्याला १७६१ आठवतं. त्याच पानिपतात आज देशोदेशीचे जुने लोकरी कपडे पिंजून त्यांच्या सुताची ब्लँकेटं होतात. ही पातळी गेममध्ये असती तर पोरांनी डोक्यावर घेतली असती. आणि एम्प्रेस मॉलला जाणाऱ्या या पोरांना तिथे १८७७ साली सुरू झालेली कापडगिरणी होती हेही माहीत नव्हतं, ते मीच सांगितलं.

दुरुस्तीच्या डब्याला गेम धाग्याच्या डब्यापेक्षा कमी गुण देतो, हे मला साफ चुकीचं वाटतं. बटण लावून शर्ट आणखी दोन वर्षं घातला तर पिंजायची वेळच येत नाही. शिवाय पट्टा पुढच्या पातळ्यांत इतका वेगाने धावतो की लेबल वाचणारं मूल हरतं आणि अंदाजाने फेकणारं जिंकतं.

वर्गाबद्दल : दहा पोरांना पाच संगणक, त्यातल्या एकाचा माउस अडकत होता. तिसऱ्या दिवशी वीज गेली आणि पाऊण तास वाया गेला, तो नंतर भरून दिला नाही. शेवटचा दिवस प्रमाणपत्रांच्या फोटोत गेला. शिकवणारे सर मात्र मनमोकळे, माझ्या चिंध्या आणि मेणबत्ती त्यांनी आनंदाने चालवून घेतली. ६०० रुपये मला जड वाटले नाहीत. पण घरचं कोणी सोबत बसणार नसेल आणि मूल इंग्रजी वाचत नसेल, तर मी आत्ता तरी थांबा म्हणेन. पाचवीच्या खालच्या मुलांनाही पाठवू नका, टक्केवारी त्यांना कळत नाही.

दिवाळीच्या सुटीत पुढची तुकडी आहे. सरांना मी सुती, टेरिकॉट आणि पॉलिएस्टर अशा वेगवेगळ्या चिंध्यांच्या तीन पिशव्या देऊन ठेवल्या आहेत, प्रत्येक संगणकाशेजारी मूठ-मूठ ठेवायला. मुलीने तिच्या जुन्या युनिफॉर्मची बटणं काढून डबीत भरली. शर्ट अजून खुंटीला आहे, त्याची पिशवी शिवायची की शेजारच्या लहान पोराला द्यायचा, यावर आमच्या घरी रोज वाद चालतो.