संत्र्याच्या बागेत विहिरीवरचा सोलर पंप: वापरून लिहितोय

आधीच सांगतो, पंप एक नंबर आहे, बसवणाऱ्यांचं काम मधल्या दर्जाचं आहे, आणि तीन एचपी घ्यावा का पाच हे जे सगळे विचारून राहिले त्याच्याआधी हेड (म्हणजे पाणी किती मीटर उंच चढवायचं ते) किती हे विचारा, कारण माझ्या मते सगळा खेळ तिथेच आहे.

वावर आमचं नागपूर जिल्ह्यात कळमेश्वरच्या पुढे काटोल रोडकडे. दोन एकर संत्रा, बाकी कपाशी आणि रब्बीत गहू-चना. जुन्या विहिरीवर लाईन आहे पण ह्या बागेतली विहीर नवीन, तिथून पोल लांब, आणि डिमांड (वीजजोडणीचे पैसे) भरून लाईनची वाट पाहण्यापेक्षा मी सरकारच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत अर्ज टाकला. महावितरणच्या साईटवर ऑनलाईन होते सगळं, सातबारा, आधार, बँक पासबुक, आणि सातबाऱ्यावर विहिरीची नोंद पाहिजेच, ती नसेल तर आधी तलाठ्याकडून करून घ्या नाहीतर अर्ज तिथेच अडकते. आपला हिस्सा 10 टक्के, एससी-एसटी शेतकऱ्यांना 5 टक्के, बाकी सरकार भरते. अडीच एकरापर्यंत 3 एचपी, पाच एकरापर्यंत 5 एचपी, त्याच्या वर 7.5 एचपी. आणि एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे की पात्रतेपेक्षा कमी एचपीचा मागितला तरी देतात.

लोकं म्हणतात साडेसात एचपीपर्यंत वीजबिल माफ आहे मग सोलर काऊन घेतला. बिलाचा प्रश्नच नव्हता भाऊ. आमच्या बाबांनी उभी हयात रात्रीच्या पाळीचं ओलित केलं, पुसच्या थंडीत रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन गव्हात पाय टाकायचा, दांडातून पाणी फोडायचं, बाजूला रानडुकराची खसखस आणि पायाखाली काय आहे ते दिसत नाही. आम्ही घरी जागेच राहायचो ते परत येईपर्यंत. आता सकाळचा चहा घेऊन ते जातात, दुपारी जेवायला घरी असतात. मला ह्या पंपाने दुसरं काही नाही दिलं तरी चाललं असतं.

आता हेडचं सांगतो. अर्ज भरताना आणि नंतर सर्व्हेला माणूस येते तेव्हा 30 मीटर, 50, 70, 100 असे हेड असतात. आपल्या लोकांना वाटते जास्त आकडा म्हणजे जास्त ताकदीचा पंप, म्हणून चाळीस-पन्नास फुटाच्या विहिरीवर 70 मीटरचा मागतात. तेवढ्याच सोलर प्लेटांवर जास्त हेडचा पंप म्हणजे पाणी उंच फेकेल पण धार बारीक. तो बोअरसाठी आहे, दोनशे-अडीचशे फुटावरून उचलायला. विहिरीचा हिशोब साधा आहे, उन्हाळ्यातली पाण्याची पातळी धरा, माझी चाळीस फुटाच्या आसपास जाते म्हणजे 12 मीटर, पाईपातलं घर्षण तीन-चार मीटर, आणि ड्रीपला एक किलो प्रेशर म्हणजे 10 मीटर, फिल्टरचे दोन-तीन वेगळे. झाले 27-29. मी 30 मीटर हेडचा 3 एचपी डीसी सबमर्सिबल (पाण्यात बुडवून ठेवायचा पंप) घेतला. सर्व्हेवाला पोट्टा म्हणे सर तुम्ही पाचला पात्र आहे, पाचच घ्या, सगळे पाचच घेतात.

पण विहिरीला झरा किती आहे ते पण पाहावं लागते ना. मोठी माणसं हेच सांगायची, मोटर विहिरीच्या झऱ्याच्या मापाची पाहिजे. एप्रिल-मे मध्ये आमच्या पट्ट्यात विहिरी तळाला जातात, काटोल-नरखेडकडची भूजलाची हालत तर सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे मोठा पंप लावला तर तास-दीड तासात विहीर कोरडी, कंट्रोलर (पंप चालवणारा डबा) ड्राय रन, म्हणजे पाणी नाही, असं दाखवून बंद, मग पाणी साचेपर्यंत ऊन वाया. लहान पंप हळूहळू ओढते, झरा भरत राहते, दिवसभर चालते. बागेची गरज पण मोजा. 6 बाय 6 मीटरवर लावलेली बाग एकराला 110 च्या आसपास झाडं, दोन एकरात 220, मोठ्या झाडाला भर उन्हाळ्यात रोजचे 120 लिटर धरले तरी साडेसव्वीस हजार लिटर झाले. तीन एचपीचा पंप 30 मीटर हेडवर चांगल्या उन्हाच्या दिवशी लाखाच्या आसपास लिटर काढू शकते. म्हणजे पंप कमी पडत नाही, कमी पडली तर विहीर पडते. ज्याच्याकडे शेततळं आहे किंवा विहिरीला बारमाही पाणी आहे त्याने पाच घ्यावा, त्याचं गणित वेगळं.

बसवणीबद्दल. एजन्सीचं नाव लिहीत नाही, पण अनुभव लिहितो. माल आला तो चांगलाच होता, प्लेटा देशी सेलच्या, स्ट्रक्चर गॅल्वनाईज केलेलं, केबल पण बरी. गडबड फाउंडेशनला. पोट्टे दोन फुटाचे खड्डे करून सिमेंट टाकायच्या तयारीत होते. आपली काळी माती आहे, पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या मातीत उथळ खड्ड्यावर एवढं मोठं शिड कसं उभं राहील, आणि जूनच्या पहिल्या वावधानात काय होते ते आपल्याला माहीत आहे. मी सांगितलं मुरूम लागेपर्यंत खोदा. कुरकुर झाली, दुपार गेली, पण खोदलं. गिट्टी-रेती पण मलाच आणायला सांगत होते, ती मी दिली नाही, कारण हे सगळं त्यांच्याच कामात धरलेलं असते आणि त्यासाठी शेतकऱ्याकडून पैसे मागायचे नसतात. बाजूच्या वावरातल्या काकाजींनी त्यांच्या पंपाच्या वेळी आणून दिली होती, मजुरी पण दिली. देऊ नका. शांतपणे विचारा की हे कुठे लिहून आहे ते दाखवा.

अर्थिंग उभं राहून करून घ्या. स्ट्रक्चरचं, कंट्रोलरचं आणि वीजरोधकाचं वेगवेगळं पाहिजे, एकाच खड्ड्यात सगळ्या पट्ट्या कोंबू देऊ नका. आपल्या विदर्भात मान्सूनच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात विजा कशा पडतात हे सांगायला नको, आणि मोकळ्या वावरात सगळ्यात उंच लोखंड आपलंच असते.

जागा निवडताना सावली पाहा, आणि ती दुपारी चार वाजता पाहा, सकाळी नाही. प्लेटा एकामागे एक सिरीजमध्ये जोडल्या असतात, एका प्लेटीच्या कोपऱ्यावर सावली पडली तरी पूर्ण लाईनीचा करंट दबते. आमच्या धुऱ्यावर कडुलिंब आहे, हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकला की त्याच्या शेंड्याची सावली शेवटच्या प्लेटीवर यायची, वीतभर सावली, आणि कंट्रोलरवरचा आरपीएम (मोटरचे मिनिटाचे फेरे) डोळ्यासमोर खाली यायचा. फांद्या छाटल्या, झाड ठेवलं. तोंड दक्षिणेला आणि कल 20-21 अंशाच्या आसपास, आपलं नागपूर 21 अक्षांशावर आहे त्या हिशोबाने.

चालवण्याची पद्धत मात्र बदलावी लागते, आणि इथेच जास्त लोकं नाराज होतात. लाईनची मोटर बटण दाबलं की पूर्ण ताकदीने सुटते. सोलरची उन्हासोबत वाढते आणि उन्हासोबत उतरते. मोटरचा स्पीड अर्धा असला तर पाणी अर्धं येते पण प्रेशर चौथाईवर येते, म्हणून सकाळी आठ वाजता पाईपातून पाणी पडताना दिसते पण ड्रीप चालू केला तर शेवटच्या झाडाला थेंब नाही. मग माणूस म्हणते पंप खराब आहे. मी काय करतो, साडेदहापर्यंत पाणी हौदात सोडतो नाहीतर गव्हा-चन्याला दांडाने देतो, तिथे प्रेशरचं काम नाही, आणि साडेदहा ते तीन-साडेतीन ड्रीप, तेही अर्धी-अर्धी बाग करून. डिसेंबर-जानेवारीत धुई असली तर अजून उशिरा. हे जमवलं तर आंबिया बहाराचा ताण (फुलासाठी बंद ठेवलेलं पाणी) तोडताना पाणी सगळ्या झाडांना सारखं जाते, फूट एकसारखी निघते, माझ्या बागेत ह्या वर्षी फरक स्पष्ट दिसला.

अजून एक, मे महिन्यात ऊन सगळ्यात जास्त म्हणून पाणी पण सगळ्यात जास्त असं नाही. 45 डिग्रीला प्लेट 65-70 पर्यंत तापते, आणि 25 च्या वर दर डिग्रीला 0.35-0.4 टक्के पॉवर कमी होत जाते, म्हणजे 14 ते 18 टक्के तिथेच गेली. फेब्रुवारी-मार्चची दुपार सगळ्यात भारी. धूळ आली की धुवा, पण सूर्य वर यायच्या आधी, तापलेल्या काचेवर थंड पाणी मारू नका, तडकू शकते. आणि आपल्या विहिरीचं पाणी जड आहे, तसंच वाळू दिलं तर पांढरे डाग बसतात, लगेच फडक्याने पुसून कोरडं करा.

काय नाही होत ते पण सांगतो. थंडीची लाट आली आणि पारा सात-आठवर गेला की बागेला रात्री हलकं ओलित द्यावंसं वाटते, ते ह्याने जमत नाही, हौदात पाणी असलं तरच. अवकाळीत सलग ढग राहिले की पंप नुसता गुरगुरते. पण पावसाळ्यात खंड पडते तेव्हा ऊन असतेच, कपाशीला तेव्हा ह्यानेच जगवलं.

सर्व्हिसला पाच वर्षं दुरुस्ती त्यांच्याकडे आणि विमा पण आहे. एकदा कंट्रोलर एरर दाखवून बंद झाला, फोनवर उद्या येतो, उद्या येतो, नुसतं हेच चालू होतं, ऑनलाईन तक्रार नोंदवून तिचा नंबर त्यांना पाठवला तेव्हा माणूस आला, अर्ध्या तासात कनेक्टर बदलून गेला. म्हणून फोनवर भांडत बसू नका, आधी तक्रार नोंदवा. चोरी किंवा वादळाचं नुकसान झालं तर वस्तूंना हात लावायच्या आधी फोटो काढा, चोरी असेल तर पोलिसात रिपोर्ट लगेच द्या, विम्यासाठी तो लागतोच.

आणि काम पूर्ण झाल्याची सही करायच्या आधी भर दुपारी पंप चालवून पाहा, प्लेटांचे सिरीयल नंबर आणि पंपावरच्या पट्टीवरचं हेड स्वतः वाचा, मोटर विहिरीत सोडली की ती पट्टी परत दिसत नाही.