अझोलाचा बेड: सात महिन्यांनी मांडलेला हिशेब

परवा रात्री बेडचा कागद फाटला. अझोला म्हणजे जनावरांना चारायची, पाण्यावर तरंगणारी बारीक पानांची वनस्पती, आणि तिचा बेड म्हणजे प्लास्टिकचा कागद अंथरून केलेलं उथळ शेणपाण्याचं टाकं. सकाळी बघतो तर पाणी सगळं जिरलेलं आणि अझोला चिखलाला चिकटलेला. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "उंदरानं कुरतडलं असेल, त्याला आम्ही काय करणार?" कागद फाटलाच आहे, तर हिशेबही मांडून टाकतो.

बेड कसा करायचा हे सगळ्यांना पाठ आहे. माझा 8 बाय 4 फुटांचा, बियाण्यासकट 3,200 रुपयांचा. घेताना ऐकवलं होतं, "पेंड निम्मी करा, यात 25 टक्के प्रोटीन आहे." प्रोटीन खोटं नाही हो, पण ते वाळलेल्या अझोल्यातलं! जानेवारीत किलोभर अझोला निथळून पत्र्यावर वाळत घातला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वजन केलं तर 60 ग्रॅम. जेमतेम मूठभर काळपट चुरा. बाकीचं पाणी, आणि पाणी गाय हौदात फुकट पिते.

माझा बेड रोज पाऊण किलो देतो. त्यातलं प्रोटीन धरलं तर ते 50 ग्रॅम सरकी पेंडेइतकं. पेंड 40 रुपये किलो, म्हणजे दिवसाला वाचले 2 रुपये. 3,200 फिटायला चार वर्षं आणि वर चार महिने. कागद सात महिन्यांत गेला.

शिवाय धुणं. शेणाचा वास राहिला की गाय गव्हाणीत तोंड घालत नाही, म्हणून तीन पाणी. आई म्हणते, मेथीसुद्धा आपण एवढी धुवत नाही. नोव्हेंबरात दुधाचं फॅट वाढल्यासारखं वाटलं होतं, पण तेव्हाच हिरवा मका सुरू केला होता. ते श्रेय मी परत घेतो.

तरी एक गोष्ट कबूल. अझोलाच्या पानात राहणारी ॲनाबेना (सूक्ष्म निळं-हिरवं शेवाळ) हवेतला नत्र धरते, त्यामुळे युरियाचा खर्च नाही. शेण आणि चिमूटभर सुपर फॉस्फेट खतावर भागतं. आणि कोंबड्या! बादली दिसली की आठही जणी पायात येतात. महिन्याभरात बलक केशरी झाला. अंडी नेणाऱ्या शेजारच्या वहिनींनीच आधी विचारलं, "भावजी, खाद्य बदललं का?"

मार्चपासून आमच्या सोलापूरकडच्या उन्हात अझोला तांबडा पडायला लागला, शेडनेट टाकल्यावर थोडा सावरला.

नवा कागद आणलाय, पण 4 बाय 4 चा, कोंबड्यांपुरता. खाली विटा अंथरणार. गायीची पेंड कालपासून पूर्ववत.