१८९६ सालची पार्कर हाउस रोल्सची कृती: नऊ महिने करून पाहिल्यावर

आमच्या शेजारच्या आजी दर थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरातल्या अमेरिकन सणाला, दुपारी चारच्या सुमारास फडक्यात गुंडाळलेली टोपली घेऊन दारात यायच्या. आत पंधरा-सोळा रोल असायचे, गरम, वरून लोण्याचा हात फिरवलेला. प्रत्येक रोल मधोमध दुमडलेला असायचा. सुरी लागायचीच नाही. अंगठा घातला की दोन पाकळ्या वेगळ्या व्हायच्या आणि आतून दुधाचा वास यायचा. बॉस्टनपासून तासाभरावर आम्ही अकरा वर्षं राहतोय, त्यातली नऊ वर्षं हे रोल खाल्ले. गेल्या वर्षी आजींनी घर विकलं आणि त्या वृद्धाश्रमात राहायला गेल्या. नोव्हेंबरात टोपली आली नाही.

मी त्यांना भेटून कृती विचारली. लिहिलेलं काहीच नव्हतं. आईकडून शिकल्या, मापं हाताला ठाऊक. दूध, लोणी, यीस्ट आणि पीठ हात सोडेपर्यंत मैदा, एवढंच सांगता आलं त्यांना. पण एक गोष्ट मी त्यांच्या स्वयंपाकघरात उभं राहून पाहिली होती. गोल कापलेल्या पिठावर त्या जेवणाच्या चाकूची मूठ आडवी ठेवून दाबायच्या. पातं नव्हे, मूठ.

त्याच खुणेवरून कृती सापडली. फॅनी फार्मर यांचं 'द बॉस्टन कुकिंग-स्कूल कुक बुक' हे १८९६चं पुस्तक आता इंटरनेटवर मोफत वाचता येतं. त्यात पार्कर हाउस रोल्सखाली लिहिलंय की चाकूची मूठ मैद्यात बुडवून प्रत्येक चकतीच्या मधोमध खाच पाडा, अर्ध्या भागाला वितळलेलं लोणी लावा आणि दुमडा. ते वाचताना आजींचा हात डोळ्यांपुढे आला. पार्कर हाउस हे बॉस्टनच्या स्कूल स्ट्रीटवरचं हॉटेल, हार्वे पार्कर यांनी १८५५मध्ये काढलेलं. रोल तिथले, आणि १८७०च्या दशकापासून ते हॉटेलबाहेरही घरोघरी होऊ लागले. रागावलेल्या आचाऱ्याने पिठाचे गोळे भट्टीत भिरकावले आणि हे रोल जन्मले, अशी गोष्ट सांगतात. मला ती पटत नाही. इतकी नेटकी घडी रागाच्या भरात पडत नाही.

कृती मोजक्या ओळींची आहे. दोन कप दूध तापवून त्यात तीन टेबलस्पून लोणी, दोन टेबलस्पून साखर आणि एक टीस्पून मीठ घालायचं. कोमट झालं की पाव कप कोमट पाण्यात विरघळवलेलं यीस्ट आणि तीन कप मैदा घालून चांगलं फेटायचं, झाकून फुगू द्यायचं. मग ते खाली बसवून मळता येईल इतका मैदा घालायचा, साधारण अडीच कप. पुन्हा फुगू द्यायचं, लाटायचं, गोल कापायचं, खाच, लोणी, घडी, तिसऱ्यांदा फुगवणं आणि कडक तापलेल्या ओव्हनमध्ये १२ ते १५ मिनिटं. कप म्हणजे सपाट भरलेला कप. फार्मरबाई सपाट मापाबद्दल फार काटेकोर होत्या. त्या काळच्या यीस्टच्या वडीऐवजी मी कोरडं यीस्ट सव्वादोन टीस्पून, म्हणजे ७ ग्रॅमचं एक पाकीट घेतो. पूर्ण मापाचे तीसेक रोल होतात. आम्ही चौघं, म्हणून एरवी अर्ध्या मापाचे करतो.

आता अनुभव. जानेवारीपासून तीसेक वेळा केले असतील, आणि आता हे रोल बाहेरून आणायची गरज उरलेली नाही. पण पहिले दोन महिने कठीण गेले.

पहिल्या खेपेला स्वयंपाकघरात १८ अंश तापमान होतं. पीठ हलेना, म्हणून घडी घातलेले रोल मी गरम ओव्हनजवळ ठेवून घाईने फुगवले. भाजल्यावर सगळ्यांची घडी उलगडली, शिंपल्यासारखे तोंड वासून बसले. चव बरी होती, पण तो आजींचा रोल नव्हता. मग कृतीची शेवटची ओळ नीट वाचली: फुगताना रोल थोडे उघडतात, आणि फुगवायची घाई केली तर आकार जातो. १२५ वर्षांहून जास्त काळ ही सूचना तिथे आहे आणि मी ती वाचून पुढे गेलो होतो. तेव्हापासून थंडीत सकाळी नऊला सुरुवात करतो आणि जेवणाला गरम रोल निघतात. पहिलं फुगणं दीड तास, दुसरं तेवढंच, तिसरं पाऊण तास. मध्ये आपल्याला काही करायचं नसतं, फक्त घरी असावं लागतं.

दुसऱ्या खेपेला दूध गरम असताना यीस्ट घातलं आणि ते मेलं. दही विरजायला जितकं कोमट दूध लागतं, तितकंच इथे चालतं. करंगळी घालून चटका बसता कामा नये. ही पारख आपल्याकडे घरोघरी असते, थर्मामीटर लागत नाही.

दूध तापवायची पायरी वगळता येते असं बरेच जण म्हणतात, कारण आता दूध पाश्चराइज्ड असतं. मी मार्चमध्ये मुद्दाम दोन्ही घाणे एकाच दिवशी केले. न तापवलेल्या दुधाचं पीठ सैल राहिलं आणि रोल पसरट झाले. दूध फाटल्यावर जे पाणी सुटतं, त्यातल्या (व्हे) प्रथिनांमुळे मैद्याचा ताण ढिला पडतो, आणि दूध चांगलं तापवलं की त्यांचा तो गुण जातो. म्हणून कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंत तापवा आणि साय ढवळून त्यातच मिसळा.

या कृतीत कोणती एक गोष्ट सोडू नये असं विचाराल, तर मी सांगेन ते सुरुवातीचं पातळ पीठ. एप्रिलमध्ये वेळ वाचवायला मी सगळा मैदा एकदम घातला. पीठ फुगलं, रोलही झाले, पण दाटले आणि चव सपक. पातळ पिठात मैदा पाणी पूर्ण पितो, यीस्टला मोकळं खेळता येतं, आणि तासाभराने वर जाळी पडून आंबूस-गोड वास सुटतो. मग नंतर मैदा कमी लागतो. रोल मऊ राहतो तो इथे. अडीच कप मैदा लागेल असं लिहिलंय म्हणून अडीच घालू नका. मी सव्वादोनला थांबतो. पीठ परातीला किंचित चिकटत असतानाच मळणं थांबवायचं, पोळीच्या कणकेइतकं घट्ट झालं की रोल दुसऱ्या दिवशी वातड होतात.

तक्रार एकच, मिठाची. एवढ्या मैद्याला एक टीस्पून मीठ कमी पडतं. मी पावणेदोन घालतो, आणि तेव्हापासून मुलगा नुसते रोल खातो. ओव्हनचं तापमान कृतीत नाही, कारण त्या काळी चूल लाकडा-कोळशाची असायची. माझ्याकडे ४०० फॅरनहाइट, म्हणजे साधारण २०० सेल्सिअसला १३ मिनिटांत होतात.

जुलैत डोंबिवलीला आईकडे गेलो तेव्हा तिच्या छोट्या ओटीजीत, म्हणजे विजेच्या भट्टीत, केले. बाहेर मुसळधार पाऊस, आणि जे पीठ इथे दीड तास घेतं ते तिथे ४० मिनिटांत पातेल्याच्या काठाशी आलं. आपला मैदा इथल्या मैद्याइतकं दूध पीत नाही, त्यात पावसाळी दमट हवा, म्हणून दोन कपांऐवजी पावणेदोन कप दुधावरच थांबावं लागलं. भट्टीच्या वरच्या सळीने माथा लवकर तांबूस होतो, तेव्हा तबक खालच्या खाचेत ठेवून १९० अंशांवर १५ मिनिटं दिली. आई ओट्याशी उभी राहून बघत होती. मी चकतीला लोणी लावून दुमडली तशी म्हणाली, "अरे, ही तर घडीची पोळीच की! आतून तेल, वरून घडी." अगदी तेच. पोळीचे पदर सुटावेत म्हणून आपण तेल लावतो, रोलच्या पाकळ्या सुटाव्यात म्हणून हे लोणी. आईने पुढचे सगळे रोल स्वतः घडी केले आणि तिचे माझ्याहून सारखे झाले. संध्याकाळी चहाबरोबर दोन खाल्ले, एक बाबांसाठी बाजूला काढला.

लादी पावाशी तुलना कराल तर हे वेगळे आहेत. पाव एकमेकांना चिकटून फुगतो, त्यामुळे त्याच्या बाजू पांढऱ्या आणि धाग्याधाग्यांच्या. हे एक इंच अंतर ठेवून भाजायचे, म्हणून बाहेरून पातळ कवच येतं. अंडं नाही, लोणी बेताचं, त्यामुळे तिसऱ्या दिवशी कोरडे पडतात. उरले तर त्याच रात्री फ्रीझरमध्ये टाका, महिनाभर राहतात. खाताना तव्यावर पाण्याचा हबका मारून झाकण ठेवलं की दोन मिनिटांत पुन्हा ताजे.

गेल्या रविवारी सोळा रोल फडक्यात बांधून आजींना देऊन आलो. त्यांनी एक उचलला, खाण्याआधी उजेडात धरून घडीची रेघ पाहिली. मग दोन्ही अंगठ्यांनी उघडला, वास घेतला आणि हळूहळू पूर्ण खाल्ला. दुसरा हातात घेऊन म्हणाल्या, चव आईच्या रोलची आहे, पण मूठ अजून जोरात दाब, खाली फळी लागली पाहिजे.

काल तसं केलं. मैद्यात बुडवलेली मूठ फळी लागेपर्यंत दाबली, मधे पीठ कागदाइतकं पातळ झालं, आणि सोळांपैकी एकाचीही घडी सुटली नाही.