दीक्षाभूमीचा पुस्तकबाजार: काय घ्यावं, कुठे जपावं

"चित्रं मले नको. अक्षर मोठं दाव," आई म्हणाली, आणि स्टॉलवरच्या पोराने हातातलं रंगीत, गुळगुळीत पुस्तक मुकाट्याने परत ढिगावर ठेवलं.

पुस्तक पारखायची आईची एकच रीत आहे. हात लांब करून पुस्तक धरायचं, मधलंच कुठलं तरी पान उघडायचं, बोट ठेवून एक ओळ मोठ्याने वाचायची. ओळ अडखळत का होईना पार पडली तर पुस्तक पिशवीत. नाही तर "बारीक हाय" म्हणून पुढचा स्टॉल. जन्मभर निंदणी-वेचणी केली तिने, अक्षरं शिकली ती साक्षरता वर्गात, कंदिलाच्या उजेडात, मी सातवीत असताना. दसऱ्याला दीक्षाभूमीवर आली की एक पुस्तक घेतेच. घरी ट्रंकेत तिची स्वतःची अकरा पुस्तकं आहेत आणि त्यांना मी हात लावलेला तिला खपत नाही.

आम्ही हिंगणघाट तालुक्यातल्या. मी गावात आशा म्हणून काम करते, आणि शनिवारी रात्री बचत गटाची बैठक संपली की बायकांना पुस्तक वाचून दाखवते. त्यासाठीची वर्षाची खरेदी मी इथेच करते. यंदाची सातवी खेप. तेव्हा हे लिहिण्याइतका अनुभव माझ्याजवळ आहे असं समजायला हरकत नाही.

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 14 ऑक्टोबर 1956 ला, अशोक विजयादशमीच्या दिवशी, बाबासाहेबांनी नागपुरात याच जागेवर लाखो लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. म्हणून दसऱ्याला आणि 14 ऑक्टोबरला, दोन्ही वेळा गर्दी असते. पण पुस्तकांचे स्टॉल बघायचे तर दसराच. रहाटे कॉलनी मेट्रो स्टेशनला उतरायचं आणि लोंढ्याबरोबर चालत राहायचं, रस्ता विचारावा लागत नाही. दोन्ही अंगांना ताडपत्रीखाली पुस्तकं. मध्ये मध्ये मूर्ती, कॅलेंडरं, पंचशील ध्वज, गाण्यांच्या पुस्तिका, भोजनदानाची पातेली. एका स्टॉलवर भाषण चालू, शेजारी लोककवी वामनदादा कर्डकांचं गाणं, दोन्हींचे भोंगे एकमेकांच्या तोंडावर. डोकं उठतं. पण वर्षातून एकदा उठू द्यावं.

आता विक्रीबद्दल. वर्ध्याच्या, नागपूरच्या चकाचक दुकानांत मी गेले आहे. तिथे कोणी विचारत नाही, आणि विचारलंच तर "मॅडम, टायटल?" असं विचारतात. टायटल माहीत असतं तर काय पाहिजे होतं! इथे माणूस पुस्तकाची गोष्ट सांगतो. नांदेडहून आलेला एक जण दरवर्षी असतो, गळ्यात निळा दुपट्टा, आवाज बसलेला. "तीस रुपयात बाबासाहेबांचं न झालेलं भाषण!" अशी त्याची हाळी. न झालेलं भाषण म्हणजे काय, म्हणून माणूस थांबतोच. मग तो सांगतो: लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने 1936 च्या परिषदेचं अध्यक्षपद बाबासाहेबांना दिलं, भाषणाचा मसुदा पाहिला आणि घाबरले. काही भाग गाळा म्हणाले. बाबासाहेब म्हणाले, स्वल्पविरामसुद्धा बदलणार नाही. परिषदच बारगळली. मग त्यांनी स्वतःच्या पैशाने 1500 प्रती छापल्या, त्या दोन महिन्यांत संपल्या. एवढं सांगायला त्याला दीड मिनिट लागतं. माझ्यासमोर बारावीतल्या दोन पोरांनी खिसे उलटेपालटे करून तीस रुपये जमवले आणि एका पुस्तिकेत दोघांनी भागी केली.

'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' ते हेच. मराठीत या भाषणाचे अनुवाद वेगवेगळ्या नावांनी मिळतात. घेताना दोन पानं वाचून पाहा. एक-दोन अनुवाद असे आहेत की वाक्य संपेपर्यंत त्याचं तोंड कुठे होतं ते विसरायला होतं.

किमतींवर तक्रार नाही. पातळ पुस्तिका वीस ते पन्नास, आत्मकथनं दोनशे-अडीचशेच्या आसपास, त्यावर सूट. शेवटच्या दिवशी संध्याकाळी सूट वाढते, पण चांगला माल तोवर निघून गेलेला असतो. राज्य सरकारने 1979 पासून काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड घ्यायचे असतील तर सकाळीच जा. आकाराच्या मानाने स्वस्त, वजनाच्या मानाने महाग. माझ्या पिशवीचा बंद सीताबर्डीला तुटला तो त्यातल्या दोन खंडांमुळेच. रोख पैसे ठेवा. एवढ्या गर्दीत मोबाइलला रेंज राहत नाही आणि क्यूआर कोड नुसता बघत बसावं लागतं.

आता मी इथून नेलेल्या एका पुस्तकाबद्दल जरा सविस्तर, कारण या बाजाराला मी पैकीच्या पैकी गुण का देते ते त्यात आहे.

चार वर्षांपूर्वी एका बाईच्या स्टॉलवर बेबी कांबळ्यांचं 'जिणं आमुचं' हे आत्मकथन घेतलं. मला कोणी सांगितलं नव्हतं, त्या बाईनेच हातात दिलं. म्हणाली, "ताई, या बाईचं फलटणात दुकान होतं. पुड्या बांधायच्या रद्दीतले कागद वाचायची. आणि लिहिलं ते नवऱ्यापासून लपवून ठेवलं, वर्षानुवर्षं." मला तेवढं पुरलं.

शनिवारी माझ्या ओसरीवर वाचायला लागले. पुस्तक 1986 चं, त्यातलं जगणं त्याच्याही खूप आधीचं. पण दुसऱ्याच शनिवारी आपण कुणाची गोष्ट वाचतोय ते कुणाला सांगावं लागलं नाही. सुनांनी पहाटे उठून दळायचं, सासूने खोड काढायची, पळून जाऊ पाहणाऱ्या पोरीच्या पायात लाकडाचा खोडा घालायचा, हे आलं तेव्हा बायका आधी हसल्या. खरंच हसल्या. मग एकीने आपल्या आजीचं सांगितलं. दुसरीने स्वतःचं सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबून ओसरीच्या टोकाकडे पाहिलं. तिथे माझे काका खाटेवर पडले होते, डोळे मिटून. झोपले नव्हते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

बैठक मोडल्यावर एक जण म्हणाली, "इथं नको वाचू. समाजमंदिरात वाच."

बोलणं सोपं होतं. समाजमंदिराला कुलूप होतं आणि आत एका मंडपवाल्याच्या खुर्च्या, गंजलेली कढई आणि पोरांचा कॅरम. किल्ली कुणाकडे, याची तीन उत्तरं मिळाली. बायकांनी ग्रामसभेत अर्ज दिला, चौदा सह्या आणि पाच अंगठे. पहिल्या वेळेला "बघू" झालं. दुसऱ्या सभेला बायका अर्जाची झेरॉक्स घेऊन पहिल्या रांगेत बसल्या. माझी आईही होती. मंडपवाल्याचं सामान काढून घ्यायला अजून दोन महिने गेले, पण किल्ली आली. ती आता बचत गटाच्या पेटीत असते.

कॅरम आम्ही काढला नाही. पोरं तो रविवारी खेळतात. बाकी दिवस संध्याकाळी सात ते दहा पोलीस भरतीचा अभ्यास करणाऱ्या मुली तिथे बसतात, दोन ट्यूबलाइट, नऊ खुर्च्या. आणि ज्या बाईने समाजमंदिराचं सुचवलं ती आता येत नाही. घरून बंद केलं तिचं. तेही सांगितलं पाहिजे.

म्हणजे एका पुस्तकाने गाव बदललं वगैरे मी म्हणणार नाही. पण ती बाई दोन वाक्यं बोलली नसती तर मी ते पुस्तक उचललं नसतं, कारण मुखपृष्ठ अगदी साधं होतं.

आता तक्रारी. पहिली, सुविचारांच्या पुस्तिका आणि फलक. "शिक्षण हे वाघिणीचं दूध आहे" हे वाक्य प्रत्येक दुसऱ्या फलकावर आहे. बाबासाहेब हे कुठल्या सभेत, कोणत्या तारखेला बोलले, असं मी यंदा पाच स्टॉलवर विचारलं. एकाने "ताई, सगळ्यांना माहीत आहे" असं उत्तर दिलं, दुसऱ्याने मलाच फलक सवलतीत देऊ केला. ज्या माणसाने पानोपानी दाखले देऊन लिहिलं, त्याच्या नावावर बिनदाखल्याची वाक्यं विकायची? तारीख आणि ठिकाण नसेल ते घेऊ नका. तेवढ्या पैशात मुक्ता साळवेचा निबंध असलेली पुस्तिका मिळते. जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या त्या मुलीने 1855 मध्ये 'ज्ञानोदया'त लिहिलेला, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा. माझ्या आठवीतल्या भाचीने तो एका बैठकीत वाचला आणि मला विचारलं, "ही माझ्याएवढी होती?"

दुसरी, लहान मुलांची पुस्तकं. कागद जाड, रंग भडक, आणि मजकूर असा की मूल जांभई देईल. जन्मतारीख, पदव्या, पुन्हा पदव्या. भीमा नावाचा एक खोडकर पोरगा त्यात कुठे सापडत नाही. आईने चित्रांचं पुस्तक परत केलं ते बरंच केलं.

तिसरी म्हणजे बांधणी, आणि इथे माझं स्वतःचं दुखणं आहे. गेल्या वर्षी सावित्रीबाईंचं एक चरित्र घेतलं. प्रकाशन कुठलं ते सांगत नाही, छोटं आहे. शनिवारी वाचत वाचत आम्ही 112 व्या पानावर थांबलो. पुढच्या शनिवारी पान उलटून वाचायला लागले. तिसऱ्या परिच्छेदाला एक म्हातारी म्हणाली, "अवो, हे त मांगच्या शनवारी झालं." पाहिलं तर 112 नंतर पुन्हा 97. एक फॉर्मा, म्हणजे एकत्र दुमडलेल्या सोळा पानांचा गठ्ठा, दोनदा शिवलेला, आणि 113 ते 128 ही सोळा पानं गायब. आई म्हणाली, "असू दे, वाच पुन्हा, मले तवा झोप आली होती." वाचलं.

बिल नव्हतं. इथे सहसा कोणी देत नाही, मागून घ्या. तरी यंदा ते पुस्तक सोबत घेऊन गेले आणि गर्दीत तासभर तोच स्टॉल शोधला. माणूस सापडला. त्याने पुस्तक उलटलं, कपाळाला हात लावला, बदली प्रत द्यायला ढीग उपसला, तर राहिलेल्या तिन्ही प्रती तशाच. मग खालच्या पेटीतून स्वतःची वाचायची जुनी प्रत काढली, कोपरे दुमडलेली, पेन्सिलीच्या खुणांची. पोराला पाठवून सोळा पानांची झेरॉक्स काढून आणली आणि पैसे घेतले नाहीत. त्याच्या पेन्सिलीच्या रेघाही झेरॉक्समध्ये उतरल्या आहेत.

पानं डिंकाने चिकटवून झाली. आईने 113 व्या पानावर बोट ठेवून पाहिलं आणि "बारीक हाय, तूच वाच" म्हणून पुस्तक मला परत दिलं.